गंज-इ-सवाई आणि औरंगजेबाचं आउटसोर्सिंग

सुरक्षेचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं की डोक्याचा ताप कमी होतो, पण किल्ल्या कुणाकडे राहतात? आमच्या धंद्यात हा प्रश्न नेहमीचा. औरंगजेबापुढे तो सतराव्या शतकाच्या अखेरीस आला.

तर झालं असं. सप्टेंबर १६९५. हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन 'गंज-इ-सवाई' तांबड्या समुद्राकडून सुरतेला परतत होतं. जहाज खुद्द बादशहाचं, तोफाही भरपूर. पण ऐन लढाईत एक तोफ फुटली आणि आपलीच माणसं मेली. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने जहाज लुटलं, बायकांवर अत्याचार झाले. बातमी सुरतेत पोचताच लोक खवळले. एव्हरी इंग्रज, म्हणजे जबाबदार तुम्हीच, असं म्हणून इंग्रज वखारवाल्यांना कोंडून ठेवलं. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

१६९८ मध्ये विल्यम किडने 'क्वेदा मर्चंट' पकडलं तेव्हा पुन्हा तेच. शेवटी युरोपियनांकडून पहाऱ्याची हमी घेतली गेली: डचांकडे तांबडा समुद्र, फ्रेंचांकडे इराणचं आखात, इंग्रजांकडे दक्षिणेकडचा समुद्र. बादशहाच्या बाजूने पाहिलं तर चोख करार! चाचे तुमचे, बंदोबस्तही तुम्हीच करा.

पण पहारेकऱ्याला हळूहळू घराची सवय होते. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि मोगल आरमाराचं प्रमुखपद सिद्दीकडून स्वतःकडे घेतलं. साठ वर्षांत कैदेतला वखारवाला किल्लेदार झाला.

आता याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे काय करत होते बघा. स्वतःचं आरमार, स्वतःचे किल्ले आणि स्वतःचं दस्तक. दस्तक घ्या, पैसे भरा, बिनघोर जा; नाही घेतलं तर जहाज जप्त. पोर्तुगीज हेच काम 'कार्ताझ' या परवान्याने सोळाव्या शतकापासून करत होते. तरी इंग्रजांच्या कागदोपत्री चाचे ठरले ते आंग्रे! दस्तकाचे पैसे व्यापाऱ्यांना जड जात असणारच, आंग्रे काही धर्मादाय संस्था चालवत नव्हते. पण समुद्रावर परवाना कुणाचा चालतो, यावरच तिथला राजा कोण ते ठरतं, हे त्यांना कळलं होतं.

औरंगजेबाकडे पैसा होता, सुरतेसारखं बंदर होतं, जहाजं बांधणारे कारागीर होते. नव्हती ती समुद्राची निकड. दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजण्यातच सगळं चाललं होतं, असो.