कोळशाच्या पाटीपासून डिझेलच्या टाकीपर्यंत

मालमोटारींचा किंवा बसगाड्यांचा मोठा ताफा चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत आज संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक गाडीची जागा, तिचा वेग, तिने जाळलेले डिझेल आणि गाडी उभी असताना इंजिन किती वेळ नुसतेच चालू राहिले, हे सारे पाहता येते. ही किमया उपग्रहांची आणि संगणकाची आहे यात शंका नाही. पण तिच्या मागची कल्पना बरीच जुनी आहे. अनेक इंजिनांनी जाळलेले इंधन एकाच मापाने मोजावे, त्यांची तुलना करावी आणि वाया जाणारे वाचवावे, हा उद्योग दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये जोमाने चालला होता. तेथे उभा राहिलेला एक प्रश्न आजच्या ताफ्यांनाही चुकलेला नाही. मोजलेला आकडा कोणाच्या हाती असावा, हा तो प्रश्न होय.

कुलपातील मोजणी

कॉर्नवॉलमध्ये तांबे आणि कथील विपुल होते. कोळसा मात्र नव्हता. तो साउथ वेल्समधून जहाजाने आणावा लागे. खाणीत साचणारे पाणी उपसण्यासाठी वाफेची इंजिने रात्रंदिवस चालत आणि हा महागडा कोळसा खात. जेम्स वॉटचे सुधारलेले इंजिन १७७७ च्या सुमारास तेथे आले, तेव्हा खाणमालकांनी ते उचलून धरले यात नवल नाही.

वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची आकारणी मोठी चतुर होती. जुन्या पद्धतीच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांना द्यायचा! आता बचत मोजायची तर इंजिनाने किती फेरे केले हे कळले पाहिजे. त्यासाठी इंजिनाच्या वरखाली हलणाऱ्या तुळईवर एक मोजणी-यंत्र बसवले जाई. ते पेटीत बंद असे आणि पेटीला कुलूप असे. खाणीतल्या माणसांनी आकड्यात ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा हेतू.

मोजणी अचूक होती, पण ती वसुलीसाठी होती. खाणमालकांना ही देणी जाचक वाटू लागली. काहींनी ती थकवली आणि प्रकरणे न्यायालयात गेली. १८०० मध्ये वॉटच्या पेटंटची मुदत संपली व त्याची माणसे निघून गेली. त्यानंतर इंजिनांची निगा ढिली पडली आणि त्यांची कामगिरी घसरू लागली. हिशेब ठेवणारा गेला, तसा हिशेबही गेला.

लीनचा मासिक अहवाल

यावर कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी शोधलेला उपाय आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. १८११ मध्ये त्यांनी जोएल लीन या अनुभवी खाण-व्यवस्थापकाला निरनिराळ्या खाणींतील इंजिनांचा मासिक अहवाल छापण्याचे काम दिले. पुढच्याच वर्षी लीन वारला. पण त्याच्या मुलांनी काम चालू ठेवले आणि हा अहवाल १९०४ पर्यंत निघत राहिला.

अहवालात सगळ्यांसाठी एकच माप होते. एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उंच चढले? या आकड्याला ते इंजिनाची ‘ड्युटी’ म्हणत. इंजिन कोणते, त्याचा अभियंता कोण आणि ड्युटी किती, हे सर्वांना वाचता येई. आपले इंजिन शेजारच्या खाणीतील इंजिनापेक्षा मागे का, हे जाऊन पाहता येई.

परिणाम काय झाला? १८११ च्या सुमारास सरासरी ड्युटी सुमारे १ कोटी ७० लाख होती. १८४० च्या दशकात ती ६ कोटींच्या वर गेली. फोई कॉन्सल्स खाणीतील एका इंजिनाने १८३५ च्या चोवीस तासांच्या चाचणीत १२ कोटी ५० लाखांचा आकडा गाठला. ९४ पौंड चांगल्या कोळशातील सारी ऊर्जा साधारण १०० कोटी फूट-पौंड भरते. म्हणजे १८११ चे सरासरी इंजिन त्यातील दोन टक्केही कामी लावत नव्हते.

ही प्रगती केवळ अहवालाने झाली असे मात्र म्हणता येणार नाही. ट्रेव्हिथिक आणि वुल्फ यांनी अधिक दाबाची वाफ वापरली, वाफेला प्रसरण पावू देऊन तिच्याकडून जास्त काम घेतले गेले, बॉयलर आणि नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टने आली. अहवालाने केले ते एवढेच, की कोणती सुधारणा खरोखर उपयोगी आहे हे सर्वांना दाखवले.

त्यात दोषही होते. उपसलेले पाणी प्रत्यक्ष मोजले जात नसे. पंपाचा आकार आणि फेऱ्यांची संख्या यांवरून त्याचा हिशेब करत. पंप गळका असला तरी कागदावर पाणी पुरेपूर चढे! मोजलेला आकडा आणि गणिताने काढलेला आकडा यांतील हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर अवश्य ठसवावा.

चाकांवरचे इंजिन

खाणीतील इंजिन एका जागी उभे असते. गाडी मात्र सकाळी आगारातून बाहेर पडली की नजरेआड होते. म्हणून अनेक वर्षे ताफ्याचा हिशेब दोनच आकड्यांवर चालला: टाकीत भरलेले लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर. ‘गाडी अॅव्हरेज किती देते?’ या आपल्या रोजच्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते, एस.टी.त हेच माप दहा लिटरमागे किती किलोमीटर असे धरतात. पण अॅव्हरेज कमी पडले तर दोष घाटाचा, गर्दीचा, इंजिनाचा, चालकाचा की चोरीचा, हे त्यावरून कळत नाही.

१९७३ च्या तेलसंकटात काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली आणि हा प्रश्न तातडीचा बनला. त्याच दशकात युरोपात टॅकोग्राफ हे उपकरण सक्तीचे होत होते. ते कागदी चकतीवर चोवीस तासांतील वेग, अंतर आणि विश्रांतीच्या वेळा रेखाटते. दमलेल्या चालकांमुळे होणारे अपघात टाळणे हा त्याचा उद्देश होता. पण ब्रिटनमधील चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हटले. ब्रिटिश सरकारने सक्ती टाळली, तेव्हा १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाला त्याविरुद्ध निकाल द्यावा लागला. वॉटच्या कुलूपबंद पेटीवरचा राग येथे पुन्हा दिसतो.

पुढचे टप्पे लवकर आले. १९७८ मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह सोडला गेला. १९८८ मध्ये अमेरिकेत क्वालकॉम कंपनीने मालमोटारींचा ठावठिकाणा आणि निरोप उपग्रहामार्फत कळवणारी ओम्नीट्रॅक्स सेवा सुरू केली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे खात्रीने कळू लागले. २००२ मध्ये युरोपातील मालमोटारींच्या सहा उत्पादकांनी इंजिनाची माहिती एका समान भाषेत बाहेर देण्याचे ठरवले. लीनच्या ‘ड्युटी’सारखे हे समान माप होते.

आजही डिझेलचा आकडा दोन वाटांनी मिळतो. इंजिनावरचा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि दाब किती होता, यावरून खर्च काढतो. टाकीतील संवेदक डिझेलची पातळी सांगतो. पण चढावर किंवा धक्क्याने ती पातळी हलते, म्हणून आज्ञावलीला अनेक नोंदींची सरासरी घ्यावी लागते. इंजिन बंद असताना पातळी एकदम घसरली, तर मात्र चौकशी करावी लागते.

सरासरीचा सापळा

समजा, दोन बस प्रत्येकी २४० किलोमीटर धावल्या. एक लिटरला ४ किलोमीटर देते, दुसरी ६. ताफ्याचे अॅव्हरेज किती? बहुतेक विद्यार्थी ५ म्हणतील. पण पहिलीला ६० लिटर लागले, दुसरीला ४०. एकूण ४८० किलोमीटरला १०० लिटर, म्हणजे ४.८. येथे साधी सरासरी नव्हे, हरात्मक सरासरी लागते.

आणखी एक गंमत पाहा. २४० किलोमीटरच्या फेरीत २ देणारी मालमोटार ३ देऊ लागली तर ४० लिटर वाचतात. ६ देणारी गाडी ८ देऊ लागली तर फक्त १० लिटर. वाढ दुसऱ्या गाडीत मोठी, पण बचत पहिल्या गाडीत. लॅरिक आणि सोल या अमेरिकन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात दाखवले, की लोक येथे हमखास फसतात. युरोपप्रमाणे ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे मोजले, तर हा गोंधळ टळतो.

आकडा कोणासाठी?

चालकाच्या दृष्टीने हा केवळ गणिताचा विषय नाही. ज्याच्या वाट्याला घाट आणि जुनी गाडी येते, त्याचे अॅव्हरेज सपाट रस्त्यावरच्या नव्या गाडीपेक्षा कमीच येणार. पडद्यावरच्या यादीत तो तळाला दिसला म्हणून त्याला दंड केला, तर तो डोंगरालाच दंड केल्यासारखे होईल. अमेरिकेतील यूपीएस या पार्सल कंपनीने गाड्यांवर संवेदक बसवले, तेव्हा कामगार संघटनेने २०१३ ते २०१८ च्या करारात एक कलम राखले: चालकाने लबाडी केली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी केवळ जीपीएसच्या नोंदीवरून कोणाला कामावरून काढायचे नाही.

आमच्या मते कॉर्नवॉलचा धडा असा आहे. मोजणी दोन्ही वेळा झाली. पण पहिल्या वेळी आकडा कुलपात राहिला आणि तंटे वाढले. दुसऱ्या वेळी तो यंत्र चालवणाऱ्यांच्या हाती आला आणि कोळसा वाचला.

शिक्षकांना वर्गात हे करून पाहता येईल. शाळेतील शिक्षकांच्या दुचाकींचे महिनाभराचे लिटर आणि किलोमीटर विद्यार्थ्यांनी नोंदवावेत, दोन्ही रीतींनी सरासरी काढावी आणि फरक का पडला ते सांगावे. नंतर त्यांना विचारावे, की सर्वांत कमी अॅव्हरेज देणाऱ्या गाडीच्या मालकाला दोष देण्यापूर्वी आणखी कोणती माहिती गोळा करायला हवी? ही यादी जेवढी लांब होईल, तेवढा तास सार्थकी लागला असे समजावे.