एफ-१ दाबा आणि पुढे जा

मंगळवार, १४ मे २०१३. पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी नांदुऱ्यातल्या आमच्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क थांबली. क्षमता २५० जीबी, वय चार वर्षे. तिच्यात गावातल्या एका शाळेच्या स्मरणिकेची १६४ पाने होती आणि शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांच्या मुलाखतीचे ४ तास २० मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते. मुलाखत नोव्हेंबरात घेतली. सर फेब्रुवारीत गेले.

५५ दिवस आधी, २० मार्च
विंडोज एक्सपीच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल फुलीची एक नोंद पडली. स्रोत डिस्क, क्रमांक ७. अर्थ सरळ आहे: डिस्कवर खराब ब्लॉक सापडला. ही नोंद मी पुढे, सगळे संपल्यावर, दुसऱ्या संगणकाला आमची डिस्क जोडण्याच्या खटपटीत वाचली. ती डिस्क तेव्हा दीड मिनिट चालली होती.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक निघालेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. म्हणजे आमची डिस्क त्यातल्या त्यात बोलकी म्हणायची.

१२ दिवस आधी, २ मे
संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस.' खाली लिहिले होते, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. मी दाबले. दुसऱ्या दिवशीही दाबले. ५ मे रोजी बायॉसमध्ये जाऊन ही तपासणीच बंद केली. रोज सकाळी ती कळ दाबायचा कंटाळा आला होता.

५ दिवस आधी, ९ मे
मावसभावाच्या लग्नाचे चित्रीकरण करायला मोबाइलच्या कार्डात जागा हवी होती. मुलाखतीच्या फायली तिथून पुसल्या. संगणकात होत्याच.

सोमवार, १३ मे, सकाळी ९:१०
अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजी. स्वयंपाकघरात आमरसाची तयारी. मी १९६८ चा वर्गाचा एक फोटो साफ करत होतो. पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज क्षणभर पडला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. आठवड्यातली ही तिसरी वेळ. पाने दुसऱ्या दिवशी दहापर्यंत अकोल्याच्या छापखान्यात पोचवायची होती.

९:२५
रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडांवर खोडरबर फिरवला. आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावरचा हा पहिला उपाय, तापावरच्या क्रोसिनसारखा. कधीकधी लागूही पडतो.

१०:४०
पुन्हा तेच.

दुपारी १२:२०
एक काम मात्र नीट केले. एक्सपीमध्ये बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू असते, त्यामुळे निळा पडदा वाचायच्या आत जातो. ती सोय बंद केली. आता निळा पडदा थांबला तर दोष ड्रायव्हरचा, रॅमचा किंवा क्वचित डिस्कचा. निळे काहीच न दिसता थेट अंधार झाला तर बहुधा वीजपुरवठा किंवा उष्णता.

१२:५१
थेट अंधार.

२:४५
बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्यात कापसाचा तंतू आणि धूळ यांची गादी बसली होती. रंगाच्या ब्रशने काढली. खोलीत ४१ अंश. घाटावर, बुलढाण्यात, बरे असेल. घाटाखाली मे महिना असाच जातो. बायॉसमध्ये प्रोसेसर ५८ अंशांवर दिसला, म्हणजे उष्णता सुटली.

त्याच पानावर आणखी खाली १२ व्होल्टच्या रेषेपुढे ११.२२ असा आकडा होता. मर्यादा पाच टक्क्यांची असते, म्हणजे ११.४० च्या खाली जायला नको. आकडा मी पाहिला. बायॉसचे आकडे नेमके नसतात, हे मला ठाऊक होते. ते खरेही आहे. मल्टिमीटर चुलतभावाकडे होता, दोन गल्ल्या सोडून. उन्हात गेलो नाही.

४:३०
खामगावच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन. त्याने लक्षणे ऐकली आणि मध्येच तोडले. "एसएमपीएस गेला भाऊ तुमचा. आता लावू नका त्याले. उद्या सकाळी येतो, नवा टाकून देतो." तो सासुरवाडीला होता. 'लावू नका' हे शब्द मी ऐकले. पाने अजून १९ बाकी होती.

६:१५
दर आखाजीला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळच्या शेतात या सुमारास घटमांडणी होते. गोल घटात अठरा धान्ये, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पापड, करंजी, विडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणते ढेकूळ किती भिजले ते बघून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची मानतात.

घरी स्टॅबिलायझरचा काटा १७० वर. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासूनच मेलेली.

७:५०
४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये ३.१ जीबी जागा होती. पेजमेकरच्या फायली, श्रीलिपीचे फाँट आणि स्कॅन केलेले फोटो उतरवले. मुलाखत उतरली नाही. छापखान्याला ती नको होती. तिची पहिली ४० मिनिटेच लिहून झाली होती, तेवढी पानांत होती. उरलेल्या जागेत दोन चित्रपट होते. ते मी पुसले नाहीत.

१०:३५
शेवटचे पान संपले. तेही पेन ड्राइव्हवर घेतले. इथे संगणक बंद केला असता तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

त्याच वेळी खोक्यातून आवाज आला. टक्. मग दोन सेकंदांनी टक्.

डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावर वाचणारे हेड काही नॅनोमीटरवर तरंगते. १२ व्होल्ट घसरले की मोटर अडखळते, हेड घाईने बाजूला घेतले जाते. सकाळपासून हे नऊ वेळा झाले होते.

११:४०
डिस्क दुरुस्त करून ठेवू, असे ठरवले. चेकडिस्क लावली, खराब सेक्टर शोधणाऱ्या पर्यायासह. हा पर्याय डिस्कचा एकेक सेक्टर वाचायला लावतो. निरोगी डिस्कला त्याने काही होत नाही. मरणाऱ्या डिस्कला तो रात्रभर डोंगर चढायला लावतो. आधी नक्कल, मग दुरुस्ती, हा क्रम मी स्वतः लोकांना सांगत आलो होतो.

१२:५८
पाचपैकी चौथा टप्पा, ३७ टक्के. आकडा हलेना.

२:२०
अंधार. पुन्हा सुरू. चेकडिस्क पहिल्या टप्प्यापासून. आईने उठून टेबलफॅन खोक्याकडे वळवला आणि म्हणाली, "झोप आता, त्यालाही झोपू दे." मी म्हटले, अर्ध्या तासात होईल.

३:४७
टक् आता सलग.

४:१२
एक बारीक खरवड, मग शांतता. पंखे फिरत होते. बंद करून चालू केला. पाच वेळा. पडद्यावर एकच ओळ: योग्य बूट डिव्हाइस निवडा.

सकाळी ६ च्या सुमारास
भेंडवळला घट पाहिले गेले.

९:४०
पेन ड्राइव्ह घेऊन भाऊ अकोल्याला गेला होता. पाने वेळेत पोचली. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हातावर तोलला, "हलकाच आहे," म्हणाला, आणि झाकण उघडले. चार कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी द्रव सुकलेला. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट द्रवाच्या कपॅसिटरनी जगभर संगणक बसवले. डेलला २००५ मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. आमचा प्रकार तसाच की निव्वळ स्वस्त मालाचा, कोण सांगणार. नवा ५५० रुपयांना पडला.

दुपारी
मोबाइलच्या फोल्डरात एक फाइल उरलेली सापडली. नोव्हेंबरातली, ११ सेकंदांची, आवाज येतो का बघायला घेतलेली. पंख्याची घरघर. मग सर विचारतात, "सुरू झालं का रे?"

"हो, सर."