मुंबईच्या कायदेकौन्सिलाचीं पहिलीं चाळीस वर्षें

मनमाडहून नाशिककडे जातांना लासलगांव स्टेशन लागतें. तेथून जवळच विंचूर हें सरदार विंचूरकरांचें गांव आहे. पानिपतच्या रणांतून परतलेल्या विठ्ठल शिवदेवांचें हें घराणें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. परंतु त्याच घराण्यांतील माधवराव विंचूरकर हे मुंबई इलाख्याच्या पहिल्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते.

१८५७ चा वणवा विझल्यावर, प्रजेचें मन न जाणतां कायदे करणें धोक्याचें आहे, हें इंग्रज मुत्सद्द्यांस उमगलें. म्हणून पार्लमेंटानें १८६१ चा कौन्सिलांचा कायदा केला. त्याअन्वयें गव्हर्नरानें कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद नेमावयाचे व त्यांपैकीं निदान निम्मे बिनसरकारी असावयाचे, असें ठरलें. २२ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईच्या टाउन हॉलांत, सर जॉर्ज क्लार्क गव्हर्नर असतांना, पहिली बैठक भरली. माधवरावांच्या जोडीस नाना शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई व सावनूरचे नबाब हे एतद्देशीय सभासद होते. एक सरदार, एक नबाब आणि दोन धनाढ्य शेटजी! सरकारनें लोकमत कोठें शोधलें, हें या यादीवरूनच दिसून येतें. नानांनीं लोकशिक्षणाकरितां आयुष्य वेंचलें होतें, यांत शंका नाहीं. पण त्यांसही निवडलें तें गव्हर्नरानें, लोकांनीं नव्हे.

शिवाय या सभेचे हात पक्के बांधलेले होते. समोर आलेल्या विधेयकापलीकडे बोलावयाचें नाहीं, कारभाराविषयीं प्रश्न विचारावयाचा नाहीं, जमाखर्चाची चर्चा करावयाची नाहीं. त्याच साम्राज्यांत, कॅनडाकडील नोव्हा स्कोशिया प्रांतीं, विधिसभेचा विश्वास गमावलेल्या मंत्रिमंडळास १८४८ सालींच पायउतार व्हावें लागलें होतें. राजछत्र एकच, पण तेथील सभागृह सरकार बदलूं शके, आणि येथील सभागृहास सरकारला साधा प्रश्नही विचारतां येत नसे.

१८८५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रसभेनें हें वैगुण्य वारंवार वेशीवर टांगलें. अखेर १८९२ च्या कायद्यानें जादा सभासदांची संख्या वीसपर्यंत वाढविली; प्रश्न विचारण्यास व अंदाजपत्रकावर बोलण्यास मुभा दिली, मात्र त्यावर मत देण्याचा हक्क दिला नाहीं. म्युनिसिपालिट्या, लोकलबोर्डें, विद्यापीठ इत्यादि संस्थांनीं नांवें सुचवावयाचीं व सरकारनें तीं नेमावयाचीं, अशी ही आडवळणाची निवडणूक होती. तरीही त्या अरुंद दारांतून १८९३ सालीं फिरोजशहा मेहता, १८९५ सालीं लोकमान्य टिळक आणि १८९९ सालीं गोपाळ कृष्ण गोखले आंत आले. जहागिरीच्या जागीं आतां विद्वत्ता व लोकांचा विश्वास बसूं लागला.

या नव्या सभासदांची खरी कसोटी १९०१ सालीं लागली. छपन्नच्या दुष्काळानें शेतकरी नागवला होता. सारा थकला होता. अशा वेळीं सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती पुढें आणली. साऱ्याच्या थकबाकीपायीं जप्त झालेली जमीन पुन्हा देतांना, ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क सरकारास काढून घेतां यावा, असा तिचा आशय होता. जमीन सावकाराच्या घशांत जाऊं नये, हा सरकारचा युक्तिवाद. त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. पण शेतकऱ्याची पत बुडेल व तो सरकारचें कूळ होऊन राहील, असें विरोधकांनीं बजावलें. फिरोजशहांनीं विधेयक थोपवून त्यावर अधिक मतें मागवावीं, अशी सूचना आणली. सरकारी मताधिक्यापुढें ती टिकली नाहीं. तेव्हां ते सभागृहांतून उठून गेले. गोखल्यांसारखा मवाळ वृत्तीचा पुरुषही इतर कांहीं सभासदांसह त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.

विधेयक अर्थातच मंजूर झालें. त्या दिवशीं शेतकऱ्याच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या सभेस सल्ल्यापुरतें बसविलें होतें, तिच्या सभासदांनीं आपली संमति ही फुकट मिळणारी वस्तु नव्हे, हें प्रथमच उघडपणें दाखविलें. १८६२ सालीं खुर्ची मिळणें हाच मान होता. १९०१ सालीं ती रिकामी करण्यांत मान आला. पुढें १९३७ सालीं मुंबई प्रांतांत निवडून आलेल्या सभेस जबाबदार असें मंत्रिमंडळ आलें, त्याची वाट या रिकाम्या खुर्च्यांवरूनच गेली होती.