मुंबईत बांधलेली ‘सुहेली’ आणि तिचे गंजलेले इंजिन: शिडाच्या नौकेला डिझेल कोणते?

१/ २२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फालमथ बंदरात बत्तीस फुटी शिडाची एक नौका परतली. ३१२ दिवस, एकटा खलाशी, वाटेत एकही थांबा नाही. जगाची अशी ही पहिलीच प्रदक्षिणा. ही ‘सुहेली’ मुंबईत, सागवानात बांधलेली होती. आणि तिच्या पोटातले डिझेल इंजिन वाटेतच गंजून जाम झाले होते. आजचा धागा त्या इंजिनाविषयी. 🧵

२/ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. त्याने कुलाब्यात ही नौका बांधून घेतली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. आराखडा ‘एरिक’ नावाचा, त्याचे मूळ नॉर्वेच्या बचावनौकांत. वेग बेताचा, पण वादळात तग धरण्यात अव्वल.

३/ शीड असताना इंजिन कशाला? वारा पडतो तेव्हा, आणि बंदराच्या अरुंद तोंडात खडक व भरतीचा ओढ यांच्यामध्ये नौका सावरायची असते तेव्हा. भर समुद्रात मात्र ते आठवडेच्या आठवडे निजून असते. हीच मेख आहे. बंद इंजिनात दमट, खारी हवा शिरते; धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतून समुद्राचे पाणी उलटे येऊ शकते. सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो आणि दट्ट्या जागच्या जागी अडकतो. डिझेल इंजिन वापराने झिजते, पण न वापरल्याने मरते.

४/ जुने इंजिन गेले, नवे घ्यायचे आहे. पहिला मोह असतो तो मोठ्या ताकदीचा. येथे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचे स्मरण करावे. १८७० च्या दशकात त्याने लहान प्रतिकृती पाण्यात ओढून दाखवले, की नौका स्वतःच लाट उभी करते आणि त्याच लाटेत अडकते. पाणरेषेवरील लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा: साधारण कमाल वेग सागरी मैलांत (ताशी) मिळतो. ‘सुहेली’ची पाणरेषा २८ फूट, म्हणजे सुमारे ७ मैल. इंजिन दुप्पट केले तरी वेग दुप्पट होणार नाही.

५/ आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील २१० मेगावॉटचा एक संच म्हणजे सुमारे २ लाख ८० हजार अश्वशक्ती. त्या छायेत वाढलेल्यांना ‘मोठे ते चांगले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दहा टनांच्या शिडाच्या नौकेला ढोबळ हिशेबाने टनामागे ३ ते ४, म्हणजे ३० ते ४० अश्वशक्ती पुरते. त्याहून बरेच मोठे इंजिन सतत हलक्या भारावर चालते, पुरेसे तापत नाही, काजळी धरते आणि आयुष्य गमावते.

६/ मग शेतातले इंजिन का नको? १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. डिझेल पंपाचा तो ठेका गावोगावच्या विहिरींवर ऐकू येऊ लागला. पण विहिरीवरचे इंजिन सपाट ओट्यावर बसते. नौकेतले कलते, हेलकावते. त्याला मागे जाण्यासाठी गिअरबॉक्स हवा आणि खाऱ्या पाण्याला टिकणारी शीतन व्यवस्था हवी.

७/ म्हणून बदलताना मोजायच्या गोष्टी: पायाची रुंदी, आसाची उंची, गिअरचे प्रमाण, पंख्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा. जुना पंखा नव्या इंजिनाला जुळला नाही, तर एक तर इंजिन दमते किंवा नुसतेच घुमते. गाळणी आणि तेलाची पट्टी यांच्यापर्यंत हात पोहोचतो का, हेही पाहावे. जेथे हात पोहोचत नाही, तेथे देखभाल होत नाही.

८/ स्वातंत्र्यानंतर कोकणातील मच्छीमारांनीही हळूहळू शीड उतरवून डिझेल बसवले. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न साधा होता: बिघडले तर सुटा भाग आणि मिस्त्री बंदरात मिळेल काय? आजही हाच निकष कंपनीच्या नावाहून वरचा मानावा.

९/ २०१८ मध्ये ‘सुहेली’ची प्रतिकृती असलेली, गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी शर्यतीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पर्थ सुमारे १,९०० सागरी मैल दूर होते. ताशी ५ मैल आणि ताशी २ लिटर धरले, तर ते अंतर कापायला ७६० लिटर डिझेल लागेल. लहान नौकेत इतका साठा मावणे कठीण. अखेर फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

१०/ सारांश असा: नौकेचे इंजिन महासागर ओलांडण्यासाठी नसते, शेवटच्या अर्ध्या मैलासाठी असते. त्या अर्ध्या मैलात ते पहिल्या फटक्याला सुरू झाले पाहिजे. म्हणून जुळणारे, हाताशी असणारे, सुटे भाग मिळणारे इंजिन निवडावे. आणि समुद्रात वारा कितीही छान असला तरी आठवड्यातून एकदा ते तापेपर्यंत चालवावे.

११/ मित्रहो, कोकणातल्या एखाद्या बंदरावर जुने इंजिन पडलेले दिसले, तर त्यावरची पाटी वाचा: कारखाना, अश्वशक्ती, मिनिटाचे फेरे. इतिहासाचे तेही एक साधनच आहे. छायाचित्र खाली जोडा.