इंजिनाचा श्वास आणि लोणारी कोळसा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाविषयी मराठीत जे आठवणीवजा लेखन झाले आहे, त्यात रेशनिंग, काळा बाजार, अंधारबंदी आणि बेचाळीसचे आंदोलन यांच्या सोबतीने एक वाहन अधूनमधून डोकावते: कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार. गाडीच्या मागे उभी केलेली काळीकुट्ट टाकी, हाताने पंखा फिरवून घामाघूम झालेला क्लीनर, घाट लागला की खाली उतरून चालू लागणारे उतारू. हे वाहन बहुधा विनोदाच्या अंगाने येते आणि तसेच निघून जाते. त्या विनोदामागे एक गंभीर इतिहास आहे, आणि तो आपल्या भाषेत फारसा कोणी मांडलेला नाही.

यंत्राचे मर्म समजायला अवघड नाही. पेट्रोलचे इंजिन हे मुळात हवा ओढणारे यंत्र आहे. दट्ट्या खाली येतो, पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा नळीतून आत शिरते. वाटेत कार्बुरेटर त्या हवेत पेट्रोलचा सूक्ष्म फवारा मिसळतो. युद्धकाळातल्या कारागिरांनी केले ते एवढेच, की ही श्वासनळी मोकळ्या हवेऐवजी एका पेटत्या भट्टीला जोडली. इंजिन आता विस्तवातून श्वास घेऊ लागले. हवा कमी असल्यामुळे त्या भट्टीत कोळसा पुरता जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे ज्वलनशील वायू निघतात. मार्गात राख गाळायची, वायू थंड करायचा, आणि इंजिनाच्या तोंडाशी एका झडपेतून त्यात जवळजवळ तेवढीच ताजी हवा मिसळायची. चालकाच्या हाताशी त्या झडपेचा दांडा असे. हवा किती सोडायची याचे प्रमाण रस्त्यागणिक आणि कोळशागणिक बदले. ते पुस्तकातून शिकण्यासारखे नव्हते, इंजिनाच्या आवाजावरून ओळखावे लागे.

या वायूचा जवळपास अर्धा भाग नायट्रोजनचा, म्हणजे निरुपयोगी. त्यामुळे गाडीची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने, कित्येकदा निम्म्यानेही घटे. घाटात उतारू का उतरत, याचे उत्तर येथे आहे. ती कोणा मालकाची कंजुषी नव्हती, तो रसायनशास्त्राचा हिशेब होता.

लाकडावर थेट चालणारी चांगली भट्टी घडवण्याचे श्रेय जॉर्ज आँबेर या अभियंत्याकडे जाते. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात आलटूनपालटून गेलेल्या आल्सास-लोरेनच्या सीमाप्रदेशातला हा माणूस. १९२०च्या दशकात त्याने अशी रचना केली, की लाकडातून निघणारा डांबरी धूर वर न जाता खाली, अरुंद गळ्यातल्या लाल निखाऱ्यांतून ओढला जाई आणि तिथेच त्याचे विघटन होई. हे डांबर हाच खरा शत्रू होता. ते इंजिनात पोचले की झडपा चिकटून बसत. युद्ध सुरू झाले आणि हा प्रयोग गरज बनला. युद्धाच्या अखेरीस एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहने होती असे सांगितले जाते. तटस्थ पण तेलाला पारख्या झालेल्या स्वीडनमध्ये त्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. ब्रिटनमध्ये मात्र सरकारने १९४२ साली मोठ्या बस कंपन्यांना ताफ्याचा दहावा हिस्सा या वायूवर चालवण्याचा आदेश दिला, तरी तो पुरता अमलात कधीच आला नाही. पेट्रोलची तूट जिवावर बेतली नाही तिथे भट्टीची कटकट कोणाला नको होती.

हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग १९४१ साली आले, आणि १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडल्यावर तिथल्या तेलाचा मार्गही तुटला. आपल्याकडे भट्ट्यांत प्रामुख्याने लोणारी कोळसा वापरला गेला, आणि या निवडीला तांत्रिक कारण आहे. लाकडातले डांबर कोळसा पाडतानाच बहुतांशी निघून गेलेले असते. साहजिकच भट्टी साधी चालते. पत्र्याचे पिंप, पाइपाचे तुकडे, कापडाची गाळणी एवढ्या सामग्रीवर निष्णात लोहार आणि मोटारमिस्त्री काम भागवू शकत. अशा करामतीला आज सर्रास ‘जुगाड’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला. मराठीत ‘खटपट’ हा जुना शब्द आहे आणि मला तो अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात कष्ट गृहीत आहेत.

पण हे साधेपण फुकटचे नव्हते. मोटारीच्या भट्टीला जे करावे लागले नाही, ते आधीच रानातल्या कोळशाच्या भट्टीत झाले होते. मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकूड घालावे तेव्हा जेमतेम एक किलो कोळसा हाती येई. म्हणजे शहरातल्या मिस्त्रीच्या कौशल्याची दुसरी बाजू डोंगरातल्या कोळसेवाल्याचे श्रम आणि तुटलेली झाडे ही होती. आठवणी लिहिणारे लोक गाडीत बसलेले होते. कोळसेवाला त्या लेखनात दिसत नाही याचे नवल वाटू नये.

क्लीनर मात्र दिसतो, पण विदूषक म्हणून. निघण्यापूर्वी दहा-वीस मिनिटे पंखा फिरवून निखारे फुलवायचे, वाटेत झाकण उघडून कोळसा टाकायचा, मुक्कामी राख काढायची, ही कामे त्याची. त्या टाकीत होता कार्बन मोनॉक्साइड: रंगहीन, गंधहीन, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटणारा. डोके दुखणे, गरगरणे, पेंगुळणे ही त्याची लक्षणे. आठवणींत कोठे झोपाळू, चिडका, ‘तारेत असलेला’ क्लीनर भेटला, तर हसण्याआधी वाचकाने थोडे थांबावे, असे मला वाटते.

स्वीडनमध्ये या विषबाधेची वैद्यकीय तपासणी झाली आणि ती नोंदली गेली. तिथल्या अभियांत्रिकी विज्ञान अकादमीने १९५० साली या सगळ्या अनुभवाचे ‘गेनगास’ नावाचे जाडजूड पुस्तक काढले. भट्ट्यांचे आराखडे, अपयशे आणि अपघात यांसह. तोवर पेट्रोल परतले होते, गाड्यांच्या पाठीवरच्या टाक्या भंगारात गेल्या होत्या. तरी १९५६च्या सुएझ पेचानंतर स्वीडनने प्रयोग पुन्हा हाती घेतले, आणि १९७९ साली, तेलटंचाईच्या काळात, अमेरिकेतल्या सौरऊर्जा संशोधन संस्थेने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे १९८९ साली अमेरिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेने घरगुती भट्टीची पुस्तिका काढली. तीत कचऱ्याचा पत्र्याचा डबा, नळकामाचे सुटे भाग आणि भोके पाडलेले स्टीलचे भांडे यांपासून ट्रॅक्टरसाठी वायू तयार करण्याची कृती आहे.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या सनावळीवरून लिहितो, तो वापराच्या अंगाने लिहायला हवा. कोळशाची मोटार सनावळीत बसतच नाही. ती काळाच्या उलट दिशेने आलेली वाटते, आणि म्हणूनच ती विनोदाची धनी झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली; तिची आठवण दरवर्षी निघते. त्याआधीच्या गाड्यांच्या झडपा, गाळण्या, कोळशाचे भाव आणि क्लीनरांचे पगार यांची माहिती मिळालीच, तर जुन्या गॅरेजांच्या वह्यांत आणि मोटारमालकांच्या जमाखर्चात मिळेल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी अशा वह्याही दस्तऐवज म्हणून वाचायला घ्याव्यात. त्यांतली भाषा तुटक असेल, पण त्यात गाडीबाहेरची माणसे सापडण्याचा संभव अधिक.