तळटीप : शेखाडी

शेखाडी : रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. जानेवारी १९९३मध्ये जवळच्या दिघीला आणि फेब्रुवारीत इथे चोरून शस्त्रे, आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली. लेखकाने हे सारे ‘पाकिस्तानी कट’ म्हणून दोन शब्दांत आटोपले आहे. आयएसआयचा हात सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या निकालात नोंदवला आहेच. पण परक्या हेरखात्याला इथे नवी वाट पाडावी लागली नाही. सोन्याचांदीच्या तस्करीची वाट मळलेली होती, तिच्यावरचे हात ओले करायची रीतही ठरलेली. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला, लाचेचा सौदा केला आणि रोकड हाताशी नाही म्हणताच चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या. (चोरांवर उधारीचा तेवढाही भरवसा नव्हता!) खटल्यात पोलीस आणि कस्टम्सचे अधिकारीही दोषी ठरले. गुन्हेगार, राजकारणी व नोकरशहांच्या साटेलोट्यावरचा व्होरा समितीचा अहवाल स्फोटांच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारला सादर झाला. संसदेपुढे यायला मात्र १९९५चा ऑगस्ट उजाडला. – संपा.