रायफलीतील वायू-नियामकाची निवड आणि वरणगावची आयुध निर्माणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा लढायांच्या आणि सेनानींच्या अंगाने लिहिला जातो. शस्त्र चालण्यासाठी लागणारे काडतूस कोठे तयार झाले आणि त्याचा शस्त्राच्या रचनेशी कोणता संबंध होता, हा प्रश्न सहसा उपेक्षित राहतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे अशी काडतुसे तयार होतात. अर्धस्वयंचलित रायफलीतील वायूचा दाब कमी-अधिक करता यावा की तो रचनेतच कायम केलेला असावा, ही निवड वरवर पाहता केवळ यंत्रशास्त्राची वाटते. प्रत्यक्षात ती काडतुसावर किती विश्वास ठेवायचा याची निवड आहे. प्रस्तुत निबंधात हा मुद्दा खानदेशच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

खानदेशची पार्श्वभूमी

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्राम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. त्या काळातील तोंडाने भरावयाच्या बंदुकीत दारू थोडी कमी-जास्त पडली, तर गोळीचा पल्ला बदले. बंदूक अडून बसत नसे. पुढील बार भरण्याचे काम शिपायाचा हात करीत असे. पुढे आलेल्या .३०३ रायफलीतही प्रत्येक बारानंतर बोल्ट हातानेच मागे ओढावा लागे. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने हीच रायफल होती.

या युद्धाने दोन गरजा ठळक केल्या : आधुनिक रायफल आणि तिला पुरेल इतका दारूगोळा. भुसावळ येथे १९४९ पासून आयुध निर्माणी होतीच. १९६४ मध्ये भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी स्वतंत्र निर्माणी सुरू झाली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा निर्मितीच्या परंपरेला यामुळे तापीखोऱ्यात नवे केंद्र लाभले. त्याच दशकात बंगालमधील ईशापूरच्या रायफल निर्माणीत ७.६२ मि.मी. ची स्वयंभरणी रायफल, म्हणजे सर्वपरिचित 'एसएलआर', तयार होऊ लागली.

वायू-नियामकाचे कार्य

स्वयंभरणी रायफलीत गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागील वायूचा काही अंश नळीच्या छिद्रातून वर घेतला जातो. हा वायू दट्ट्याला मागे ढकलतो. त्यामुळे बोल्ट उघडतो, रिकामे टोपण बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना नवे काडतूस भरले जाते. वायू अपुरा पडला तर टोपण अडकते. जास्त झाला तर भाग आपटून झिजतात आणि धक्काही वाढतो. म्हणजे जे काम पूर्वी शिपायाचा हात करी, ते आता काडतुसातील दारू करू लागली. दारूच्या ज्वलनातील फरक यापुढे यंत्राच्या चालीवर परिणाम करणार होता.

निवडीचे तीन मार्ग

पहिला मार्ग बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह या रचनाकाराने 'फाल' रायफलीत स्वीकारला. भारतीय एसएलआर याच कुळातील आहे. तिच्यात फिरवता येणारा वायू-नियामक असून जादा वायू त्यातून बाहेर सोडला जातो. जवान प्रथम नियामक पूर्ण उघडा ठेवतो, मग टप्प्याटप्प्याने बंद करीत रायफल बिनचूक चालू लागली की थांबतो आणि धूळ-थंडीसाठी थोडी जादा सवलत ठेवतो. येथे निर्णय वापरणाऱ्याच्या हाती असतो. मात्र त्यासाठी त्याला प्रशिक्षण हवे.

दुसरा मार्ग मिखाईल कलाश्निकोव्ह यांचा. त्यांच्या १९४७ च्या रायफलीत नियामकच नाही. गरजेपेक्षा जास्त वायू घेऊन जड भाग हलविले की घाण, चिखल व थंडीतही यंत्र चालते, हे त्यामागील तत्त्व होय. त्याची किंमत जादा धक्क्याच्या व झिजेच्या रूपाने मोजावी लागते.

तिसऱ्या मार्गात छिद्र कायम व भाग हलके असतात आणि सारा भार काडतुसाच्या एकसारखेपणावर पडतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचा अनुभव येथे बोधप्रद आहे. १९६४ मध्ये तिच्या काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला. छिद्रापाशी दाब वाढला, यंत्राची गती वाढली आणि व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्या. नळीच्या मागील भागात क्रोमचा मुलामा नसणे व साफसफाईची हेळसांड हीदेखील कारणे होती. तथापि १९६७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या इकॉर्ड उपसमितीने पुरेशा चाचण्यांच्या आधाराविना केलेल्या दारूबदलावर स्पष्ट ठपका ठेवला. या चुकीची किंमत मोजणारा सैनिक मात्र त्या निर्णयात कोठेच नव्हता.

पुण्याच्या शस्त्र संशोधन व विकास आस्थापनेने रचलेल्या ५.५६ मि.मी. च्या 'इन्सास' रायफलीत पहिल्या दोन मार्गांचा मेळ दिसतो. तिचा लांब चालीचा दट्ट्या कलाश्निकोव्ह पद्धतीचा, तर हाताने फिरवावयाचा नियामक 'फाल'च्या धर्तीचा आहे.

वरणगावचे स्थान

हा मेळ आवश्यक का होता, याचे उत्तर भूगोलात सापडते. वरणगाव-भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. येथे तयार झालेले काडतूस राजस्थानच्या वाळवंटात उडविले जाईल, तसेच शून्याखाली कित्येक अंश तापमान असलेल्या हिमालयातील ठाण्यावरही. उष्णतेत दारू वेगाने जळून दाब वाढतो, थंडीत तो घटतो. त्यामुळे तेच काडतूस आणि तीच रायफल दोन ठिकाणी वेगळी वागू शकते. हवामानाचा फरक नियामक काही प्रमाणात सावरू शकतो. परंतु एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक तो सावरू शकत नाही. प्रत्येक गोळीसाठी नियामक फिरविणे कोणालाही शक्य नाही. तो एकसारखेपणा दारूचे वजन, टोपणाचे माप आणि तपासणी यांतूनच, म्हणजे कामगाराच्या दक्षतेतूनच येतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, वायू-नियामकाची निवड एकट्या बंदूक-रचनाकाराची नसते; काडतूस बनविणारा आणि बंदूक चालविणारा हे तिचे अन्य दोन भागीदार होत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या अस्तित्वात आल्या. वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे, तर ईशापूरची रायफल निर्माणी 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया'कडे गेली. पूर्वी एका मंडळाखाली असलेले काडतूस व बंदूक आज दोन स्वतंत्र व्यवस्थापनांखाली आहेत. अशा वेळी दारूतील लहानसा बदलही बंदूक बनविणाऱ्याला कळविणे आणि संयुक्त चाचणीविना तो न स्वीकारणे, हा १९६७ च्या अहवालाचा धडा अधिकच महत्त्वाचा ठरतो. सीमेवरील जवानाने नियामक कितीही काळजीपूर्वक लावला, तरी तो योग्य चालण्याची पहिली अट वरणगावात पूर्ण व्हावी लागते. खानदेशच्या आधुनिक इतिहासात या निर्माणीची नोंद केवळ रोजगार देणारा कारखाना म्हणून न होता या जबाबदारीसह व्हावयास हवी.